रिडेव्हलपमेंटला सही करण्याआधी: पडलेल्या इमारतींकडून आपण काय शिकायचं?

वासणारोडकर
मंडळी, आमची सोसायटी बडोद्यात वासणा रोडला, चार मजली, ऐंशीच्या दशकातली. गॅलरीचे पोपडे पडतात, जिन्याखालची सळई उघडी पडलीय, त्यामुळे रिडेव्हलपमेंट करायचं हे जवळपास ठरलंच आहे. ७५ टक्के संमती लागते, तीही होईल. परवा बिल्डरने प्रेझेंटेशन दिलं. लॉबी, जिम, गच्चीवर बाग, खाली पार्किंग, सगळं सगळं दाखवलं, लोकांनी प्रश्नही भरपूर विचारले, पण इमारत उभी कशाच्या जोरावर राहणार ते ना त्याने सांगितलं ना कोणी विचारलं. शेवटी मी विचारलं तर उत्तर आलं, "सगळं आयएस कोडप्रमाणे, म्हणजे भारतीय मानकांप्रमाणे आहे." आणि आमच्या मजल्यावरचे काका म्हणाले, ते इंजिनिअर बघतील रे, आपण कार्पेट एरियाचं बोलू.

मला हे पटलेलं नाही. २०१३ मध्ये आपल्या अटलादऱ्याला तीन मजली दोन इमारती पहाटे कोसळल्या, ११ माणसं गेली. मही नदीवरचा गंभीरा पूल पडला ती तर २०२५ मधली गोष्ट. प्रत्येक वेळी चौकशी होते, अहवाल होतो, कारणं कळतात. तर माझा प्रश्न असा, की त्या कळलेल्या कारणांचा उपयोग आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांनी करार करताना कसा करायचा? नेमकं काय मागायचं? इथे सिव्हिलवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय.

सळई_सिमेंट
प्रश्न चांगला आहे आणि वेळेत विचारलाय, कारण सही झाली की तुमचं कोणी ऐकत नाही. मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्येच आयुष्य काढलंय, तर आधी एक गैरसमज दूर करतो. इमारती गणित चुकलं म्हणून पडतात असं लोकांना वाटतं. पडतातही, पण त्याहून जास्त वेळा त्या मधेच केलेल्या बदलामुळे पडतात, जो बदल कोणी परत मोजूनच बघितला नाही.

कॅन्सस सिटीचं हयात हॉटेल, १७ जुलै १९८१. लॉबीत वरून टांगलेले पादचारी पूल होते, चौथ्या मजल्याचा आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालपर्यंत एकच अखंड सळई होती आणि दोन्ही पूल तिलाच धरून होते. ते बनवायला किचकट म्हणून सळईचे दोन तुकडे केले. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर बघाल तर फरक काहीच वाटत नाही. पण दोन माणसं एकाच दोरीला लोंबकळली आहेत आणि आता खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरलेत असं समजा. दोरीवरचं वजन तेवढंच, वरच्याच्या हातांवरचं दुप्पट. तिथल्या नटाखालचा बीम फाटला आणि ११४ माणसं मेली. मूळचा जोडही नियमापेक्षा कमकुवतच होता हे नंतर निघालं, पण बदल मंजूर करताना तो जोड कोणी नव्याने तपासला असता तर दोन्ही गोष्टी तेव्हाच उघड झाल्या असत्या. इंजिनिअरांची लायसन्स गेली.

म्हणून करारात पहिली मागणी ही, की साइटवर जो काही बदल होईल, अगदी एक कॉलम चार इंच सरकला तरी, तो डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरच्या सहीच्या सुधारित ड्रॉइंगशिवाय होणार नाही, आणि त्या ड्रॉइंगची प्रत सोसायटीला मिळेल.

कोठीरोडची_शमा
दोरीचं उदाहरण वाचून पहिल्यांदा समजलं हो. आत्तापर्यंत नुसतं "डिझाइन डिफेक्ट" वाचत होते.

नीलाताई
मला पार्किंगबद्दल बोलायचंय. २००१ च्या भूकंपात माझी मोठी बहीण अहमदाबादला होती. २६ जानेवारी, सकाळी पावणेनऊचा सुमार, मुलं झेंडावंदनाला गेलेली. केंद्र कुठे कच्छात आणि पडल्या अहमदाबादच्या इमारती! बहिणीच्या बिल्डिंगला तडे गेले पण ती उभी राहिली, दोन गल्ल्या सोडून एक तशीच दिसणारी बिल्डिंग मात्र खालचा मजला चिरडून बसली. वरचे मजले जवळपास जसेच्या तसे, खिडक्यांसकट, आणि खालचं पार्किंग नाहीसं. ते दृश्य ती अजून सांगते. वासणारोडकर, तुम्ही खाली पार्किंग म्हणालात तेव्हा हेच आठवलं. मग आता सगळ्याच बिल्डिंगी पार्किंगवर उभ्या असतात, त्याचं काय?

सळई_सिमेंट
नीलाताई, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत. आपल्या गुजरातेत याला हॉलो प्लिंथ म्हणतात. वरच्या मजल्यांत विटांच्या भिंती असतात, त्या कॉलमना धरून ठेवतात, सगळा भाग एखाद्या पेटीसारखा ताठ होतो. खाली पार्किंगला भिंतीच नाहीत, नुसते कॉलम. जमीन हलली की सगळी हालचाल त्या एकाच मजल्यात एकवटते आणि कॉलमची वरची-खालची टोकं फुटतात. २००१ नंतर, २००२ च्या आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडमध्ये स्पष्ट आलं की असा मजला असेल तर तिथले कॉलम-बीम अडीचपट जोर धरून डिझाइन करा, नाहीतर शिअर वॉल, म्हणजे आडवा धक्का घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, द्या. २०१६ मध्ये हे आणखी कडक झालं. म्हणजे पार्किंग करता येतं, पण फुकटात नाही. लिफ्टभोवती आणि कोपऱ्यांत पायापासून गच्चीपर्यंत काँक्रीटच्या भिंती लागतात, त्यात दोन-चार गाड्यांची जागा जाते, आणि बिल्डर नेमकं तिथेच हात आखडतो.

आणि एक गोष्ट जी कुठल्याही मेंबरला साइटवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात ना, त्यांची टोकं बघा. बारबेंडर, म्हणजे सळया वाकवणारा कारागीर, ती काटकोनात वाकवतो, कारण पटकन होतं. ती १३५ अंशांत वळून कॉलमच्या पोटात शिरलेली हवीत. भूकंपात बाहेरचं काँक्रीट आधी निघून येतं. तेव्हा काटकोनातला आकडा उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया छत्रीच्या काड्या बाहेर याव्यात तशा बाहेर येतात. पोटात गेलेला आकडा सुटत नाही. आणि बीमजवळ या रिंगा दाट हव्यात, चार इंचांहून लांब नाहीत. कॉलम-बीममध्ये काँक्रीट भरण्याआधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा.

साइटवरचा_भाऊ
सगळं खरं पण सगळं खापर ठेकेदार आणि बिल्डरवर फोडू नका. मी ठेकेदारी करतो, मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड सगळीकडे कामं केलीत. चार हजारात होणारं काम तीन हजारात मागतात आणि वर म्हणतात क्वालिटी पाहिजे. रिंगांचा आकडा १३५ चा केला की बारबेंडर टनामागे जास्त पैसे मागतो, ते कोणी द्यायचे ते आधी बोला. आणि ताबा मिळाल्यावर तुम्ही लोक काय करता ते? किचन आणि हॉल एक करायचा म्हणून भिंत पाडता, बाल्कनी आत घेता, एसीच्या पाइपसाठी बीमला भोक पाडता. मी स्वतः एका ठिकाणी बीमचं खालचं कव्हर छिन्नीने उडवून सळई कापलेली बघितलीय, का तर फॉल्स सीलिंगच्या आड डक्ट बसत नव्हता.

कोठीरोडची_शमा
भाऊंशी शंभर टक्के सहमत. घाटकोपरला २०१७ मध्ये चार मजली इमारत पडली त्यात १७ जण गेले, तळमजल्यावर नर्सिंग होमचं नूतनीकरण चाललं होतं आणि कॉलमला हात लावल्याचा ठपका होता. वर राहणाऱ्यांना काही कल्पनाच नाही. म्हणजे खालच्या माणसाने आपल्या "स्वतःच्या" जागेत काय केलं याची किंमत वरच्याने मोजली.

परदेशी_बडोदेकर
सोलचं साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर याचंच मोठं रूप म्हणता येईल. २९ जून १९९५, ५०२ मृत्यू. फ्लॅट स्लॅब, म्हणजे बीम नाहीत, स्लॅब सरळ कॉलमवर टेकलेला. कॉलम मूळ डिझाइनपेक्षा बारीक केले, एस्केलेटरसाठी आधार कापले, वर पाचवा मजला जास्तीचा चढवला, त्यावर रेस्टॉरंटं. गच्चीवरचे अवजड एसी नंतर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओढत नेले, तिथून भेगा सुरू झाल्या. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट, त्या दिवशी सकाळी पाचव्या मजल्यावर भेगा मोठ्या झालेल्या दिसल्या, वरचा मजला बंद केला, पण दुकान चालूच ठेवलं. संध्याकाळी पडलं.

ढाक्याजवळच्या राणा प्लाझाचंही (२०१३, अकराशेवर मृत्यू) हेच. आदल्या दिवशी भेगा दिसल्या, खालची बँक आणि दुकानं बंद झाली, आणि शिवणकामाच्या मुलींना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं.

पादराकर
भेगा दिसूनही चालू ठेवलं हे वाचलं आणि हात थांबला. मी पादऱ्याचा. गंभीरा पुलावरून आमचं येणं-जाणं रोजचं, आणंदला कॉलेज, बोरसदला मामाकडे, सगळं त्याच पुलावरून. तो पूल हलतो हे आमच्याकडे रिक्षावालाही सांगायचा. ९ जुलै २०२५ ला सकाळी मधला एक गाळा मही नदीत पडला, गाड्यांसकट, वीसहून जास्त माणसं गेली. एक टँकर कित्येक दिवस तुटलेल्या टोकावर तसाच लोंबकळत होता, ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं, आम्ही काठावरून बघितलं.

नंतर पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडल्याचं सांगण्यात आलं. मला यातलं कळत नाही, कोणी सांगेल का ते आर्टिक्युलेशन म्हणजे काय? आणि पूल हलतोय ही तक्रार कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहते?

सळई_सिमेंट
पादराकर, दुःखात सहभागी आहे. आर्टिक्युलेशन म्हणजे पुलाचा एक भाग दुसऱ्या भागाच्या पायरीसारख्या कापलेल्या टोकावर ठेवलेला असतो, तो जोड. अर्ध्या उंचीची खालची पायरी, तिच्यावर अर्ध्या उंचीची वरची. जाडी अर्धी आणि भार पूर्ण, शिवाय वरून सांध्यातून पाणी थेट तिथेच झिरपतं, आणि आत हात घालून बघायला जागा नाही. कॅनडात क्यूबेक प्रांतात, माँट्रियलजवळ लावाल इथे ३० सप्टेंबर २००६ ला असाच अर्ध-सांधा असलेला कॉनकॉर्ड ओव्हरपास पडला, ५ माणसं गेली. आत सळया ड्रॉइंगप्रमाणे बसवलेल्या नव्हत्या हे १९७० मध्ये बांधल्यापासून कोणाला दिसलंच नव्हतं. आणि त्या दिवशीही पडण्याआधी काँक्रीटचे तुकडे रस्त्यावर पडल्याची तक्रार आली होती. माणूस आला, बघितलं, तुकडे गोळा केले, नोंद केली आणि गेला. रस्ता बंद करायचा अधिकार आणि धीर त्या क्षणी त्या माणसाकडे असायला हवा होता, त्याच्या साहेबाच्या साहेबाकडे नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मोरबीचा झुलता पूल २०२२ मध्ये पडला, तिथेही मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या असं एसआयटीला, म्हणजे विशेष तपास पथकाला आढळलं, १३५ जीव गेले. दुरुस्ती झाली होती, रंग नवा होता, केबल जुनीच.

दांडियाबाजारातला
धागा गंभीर झालाय, थोडं बडोद्याचं सांगतो. लक्ष्मी विलास राजवाड्याचा पहिला आर्किटेक्ट मेजर मँट. आपण काढलेलं गणित चुकलंय आणि राजवाडा पडणार ही भीती त्याच्या डोक्यात बसली आणि त्यातच त्याचा अंत झाला, अशी आख्यायिका आजी-आजोबांपासून आपण ऐकत आलोय. तो १८८१ मध्ये गेला, काम चिझमने १८९० मध्ये पूर्ण केलं, आणि राजवाडा २००१ चा भूकंप पचवून दिमाखात उभा आहे. आमचे आबा म्हणायचे, झोप उडालेला इंजिनिअर बघून घ्यावा, गाढ झोपणारा नको :)

नीलाताई
आबांचं वाक्य आमच्या कमिटीच्या व्हॉट्सॲपवर टाकते :)

एमएसयू_सिव्हिल
कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो, नंतर टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो. दोन मुद्दे.

एक, रिडेव्हलपमेंट नक्की झालंय म्हणून जुन्या इमारतीकडे दुर्लक्ष नको. करार, परवानग्या, जागा खाली करणं यात दोन पावसाळे सहज जातात आणि लोक तोवर आतच राहतात. वासणारोडकर, तुमच्या जिन्याखाली सळई दिसतेय म्हणता ना, तिथलं थोडं काँक्रीट फोडून ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन मारायला सांगा. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला गंजापासून सांभाळतंय. मी बघितलेल्या जुन्या फ्लॅटांत बऱ्याचदा बाहेरून आत दीड-दोन इंच रंगच येत नाही, सळईच्या पलीकडे जाऊन मग कुठे गुलाबी कडा दिसते. म्हणजे सळई उघड्यावर असल्यासारखीच. तिथे नुसतं प्लास्टर थापून रंग मारला की गंज आत वाढत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात तेच प्लास्टर सुटतं. तोवर टेकू लावा, गच्चीवरची जास्तीची टाकी रिकामी करा.

दोन, क्यूब टेस्ट, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे भरून ते दाबून ताकद बघतात ती. सगळे म्हणतात क्यूब पास झाले. क्यूब कुठल्या काँक्रीटचे भरले ते बघा. काही ठिकाणी क्यूबसाठी घमेलंभर माल वेगळा कालवतात, त्यात सिमेंट जास्त. साच्यात माल भरताना सोसायटीचा माणूस उभा हवा आणि क्यूबवर त्याची सही हवी.

साइटवरचा_भाऊ
क्यूबचं खरं आहे, मी नाकारत नाही. त्यात एक जोडतो, पाणी. मिक्सरमधला माल घट्ट वाटला की मजूर बादलीभर पाणी ओततो, पसरायला सोपं जातं. रेडीमिक्सच्या गाडीलाही साइटवर पाणी घालतात. ताकद तिथेच जाते. व्हायब्रेटर चालू असेल तर घट्ट माल पण नीट बसतो. कोणीतरी एक माणूस स्लॅबच्या दिवशी फक्त पाण्यावर लक्ष ठेवायला ठेवा.

अलकापुरीवाला
मला एक शंका आहे. कॅन्सस, सोल, कॅनडा हे सगळं वाचायला ठीक, पण आमच्या बडोद्याला त्याचा काय संबंध? इथे जमीन वेगळी, मजूर वेगळे, नियम पाळायची पद्धत वेगळी. विश्वामित्री नदीला पूर आला की २०२४ च्या ऑगस्टसारखं तळघरात आठवडाभर पाणी. त्याचं उत्तर परदेशी अहवालात नाही मिळणार.

परदेशी_बडोदेकर
जमीन वेगळी हे मान्य. पण बदल न तपासणं, भेगा दिसून गप्प बसणं, सांध्यात पाणी मुरू देणं, यातलं वेगळं काय आहे? फ्लोरिडातल्या सर्फसाइडला २०२१ मध्ये १२ मजली इमारतीचा मोठा भाग पडला, ९८ मृत्यू. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबला उतारच नव्हता, पाणी साठून राहायचं, २०१८ च्या पाहणीत तसं लिहूनही दिलं होतं. दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यायचा यावर मालकांच्या बैठकांमागून बैठका चालल्या होत्या. कुठल्या सोसायटीला हे ओळखीचं वाटणार नाही सांगा.

आणि इंग्लंडात २००५ पासून क्रॉस नावाची व्यवस्था आहे. साइटवर थोडक्यात टळलेला अपघात, चुकीचं ड्रॉइंग, असं काहीही इंजिनिअर नाव गुप्त ठेवून कळवू शकतो आणि ते सगळ्यांना वाचायला मिळतं. पडलेल्यावरूनच शिकायचं असं नाही, पडता पडता वाचलेल्यावरूनही शिकता येतं. बडोद्याच्या इंजिनिअरांनी आपापसात एवढं सुरू केलं तरी खूप होईल.

अलकापुरीवाला
सर्फसाइडच्या बैठकांचं वाचून गप्प झालो. आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची मीटिंग दिवाळीपासून चालू आहे. पण जमिनीचा मुद्दा तसाच राहिला.

सळई_सिमेंट
जमिनीचा मुद्दा बरोबरच आहे, तो सोडू नका. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेजारच्या प्लॉटचा सॉइल रिपोर्ट चालवून घेतात, तसं होऊ देऊ नका. तुमच्याच प्लॉटवर बोअर मारून, पावसाळ्यातली पाण्याची पातळी धरून रिपोर्ट हवा. तळघर असेल तर अजूनच. शेजारच्या घराला लागून खोल खोदताना कडा कशी धरून ठेवणार हे ड्रॉइंग खोदाईच्या आधी मागा, पोकलेन आल्यावर नाही.

वासणारोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी कमिटीची बैठक आहे. धाग्यातलं एकत्र करून मी असं लिहितोय: आमच्या प्लॉटचा सॉइल रिपोर्ट, पार्किंगच्या मजल्याला शिअर वॉल, बदल फक्त सहीच्या ड्रॉइंगने, कॉलम-बीम भरण्याआधी प्रत्येक वेळी रिंगांचे तारखेसह फोटो, क्यूब भरताना आमचा माणूस, ताबा मिळाल्यावर कॉलम-बीमची ड्रॉइंगं सोसायटीच्या कपाटात कायमची, आणि त्यांना हात लावायचा तर मेंबरला आधी लेखी परवानगी सक्तीची. जुन्या जिन्याखाली टेकू उद्याच लावायला सांगितलाय, टाकीही रिकामी करतोय.

आता एक अडचण. डिझाइन दुसऱ्या एखाद्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावं असं मला वाटतं, पण बिल्डर म्हणतो माझाच ओळखीचा आहे, तो फुकट बघेल.

सळई_सिमेंट
फुकट नको आणि त्याचा ओळखीचा तर मुळीच नको. तपासणारा सोसायटीने नेमायचा, फी सोसायटीने द्यायची, आणि त्याने रिपोर्ट थेट तुमच्याकडे द्यायचा, बिल्डरमार्फत नाही. त्याला संपूर्ण कॅलक्युलेशन आणि कॉम्प्युटरची मॉडेल फाइल मिळेल असं करारातच लिहा, नाहीतर नुसती ड्रॉइंगं बघून तो काय तपासणार. रेरा कायद्याप्रमाणे ताब्यानंतर ५ वर्षं स्ट्रक्चरल दोषाची जबाबदारी बिल्डरची असतेच, पण ती पडल्यावरची किंवा तडा गेल्यावरची. हा खर्च पाया भरायच्या आधीचा.

साइटवरचा_भाऊ
आणि त्या तपासनीसाला काम थांबवायचा लेखी हक्क द्या. ठेकेदार म्हणून सांगतो, आम्हालाही बरं पडतं. काम थांबवा असं मी बोललो तर पुढचं काम दुसऱ्याला जातं, तो बोलला तर कोणाचं काही जात नाही.

नीलाताई
वासणारोडकर, बैठकीत कार्पेट एरियाच्या आधी हा विषय घ्या, नंतर लोक उठून जातात. आणि तुमचा मसुदा इथे टाका, आमच्या निझामपुऱ्याच्या सोसायटीलाही पुढच्या महिन्यात लागणार आहे.